तेविसाव्या जागेवरून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑन्टारिओत राहणाऱ्या एका वडिलांची सतरा वर्षांची मुलगी आइस हॉकीत फॉरवर्ड म्हणून खेळते. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या कोचनी तिच्याशी बोलणी सुरू केली आहेत, आणि मुलगी म्हणते की तिला व्यावसायिक खेळाडूच व्हायचंय. वडील विचारतात: हे खरंच करिअर आहे का? पैसे किती, वर्षं किती, पुढे काय? आणि जाता जाता, या उन्हाळ्यात तिला आणखी एका शोकेस स्पर्धेला, म्हणजे विद्यापीठांचे कोच खेळाडू हेरायला येतात त्या स्पर्धेला, पाठवावं का?

मी अठरा वर्षं मुलींच्या हॉकी संघांबरोबर थेरपिस्ट म्हणून काम करतेय, आधी विद्यापीठात आणि नंतर व्यावसायिक संघांत. कोच खेळाडूला बर्फावर बघतो, एजंट तिला फोनवर ऐकतो. माझ्या टेबलावर ती झोपलेली असते, गुडघा माझ्या हातात असतो, आणि तेव्हा ती पैशांबद्दल, घराबद्दल, झोपेबद्दल खरं बोलते. त्या भरवशावर हे लिहितेय.

तुम्ही प्रश्नात अमेरिकेची हिलरी नाइट आणि कॅनडाची मारी-फिलिप पुलॅं या दोन बड्या खेळाडूंची नावं घेतलीत. ती आधी बाजूला ठेवा. पुलॅंने २०१०, २०१४ आणि २०२२ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत निर्णायक गोल केलाय. तिच्याकडे बघून या पेशाचा अंदाज बांधणं म्हणजे लताबाईंकडे बघून गाण्याच्या क्लासची फी ठरवण्यासारखं आहे. संघात तेवीस जणी असतात. तुमच्या मुलीने तेविसावी जागा मिळवली तर तिचं वर्ष कसं जाईल, हे आधी बघा. ते तुम्हाला चालत असेल, तर वरचं सगळं बोनस.

आता आकडे. सध्याची मुख्य लीग म्हणजे पीडब्ल्यूएचएल (प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग). तिचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरंटोत झाला. तेव्हा सहा संघ होते. २०२५-२६ मध्ये व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल आले आणि आठ झाले. आठ गुणिले तेवीस, म्हणजे त्या मोसमात १८४ जागा. त्यात अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन, चेकिया इथल्या राष्ट्रीय संघांतल्या मुली आधीच बसलेल्या आहेत.

खेळाडूंच्या संघटनेने लीग सुरू होण्याआधीच २०३१ पर्यंतचा सामूहिक करार करून घेतला, हे मला आजही त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. पहिल्या मोसमात किमान पगार ३५,००० अमेरिकन डॉलर होता आणि तो दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढतो. प्रत्येक संघाला निदान सहा जणींना तीन वर्षांचा, वर्षाला ८०,००० किंवा त्याहून जास्तीचा करार द्यावा लागतो. किमान पगारावर नऊपेक्षा जास्त जणी ठेवता येत नाहीत. आणि संघाची सरासरी ५५,००० धरलेली आहे. आता कागद-पेन्सिल घ्या. सरासरी धरून तेवीस जणींचे होतात १२ लाख ६५ हजार. त्यातले सहा जणींचे ४ लाख ८० हजार गेले, नऊ जणींचे ३ लाख १५ हजार गेले. मधल्या आठ जणींना मिळून उरले ४ लाख ७० हजार, म्हणजे डोई ५९ हजारांच्या आतच. वरच्या सहांपैकी कुणी लाखाच्या पुढे गेली, तर ते पैसे या मधल्यांच्याच ताटातून येतात. मोसमात घरभाड्यासाठी महिन्याला १,५०० डॉलर मिळतात, विमा आहे, बाळंतपणाची रजा आहे. पण बॉस्टनमध्ये तेवढ्यात एकटीला घर मिळत नाही. दोघी-तिघी मिळून राहतात, आणि कोण कुणाबरोबर राहणार हे ठरवण्यात मोसमाआधीच्या सराव-कॅम्पचा पहिला आठवडा जातो.

तेविसाच्याही खाली राखीव खेळाडू असतात. त्या संघाबरोबर सराव करतात, आणि कुणी जखमी झालं की दहा दिवसांचा करार मिळून सामन्यात येतात. दहा दिवस झाले की परत राखीव. मी अशा एकीच्या घोट्याला पट्टी बांधत होते, तर ती मोबाइलवर दिवस मोजत होती: ‘आज आठवा.’

तुम्हाला हे रडगाणं वाटत असेल, तर आधी काय होतं ते बघा. सीडब्ल्यूएचएल ही लीग २००७ मध्ये सुरू झाली. तिथे पहिली दहा वर्षं पगारच नव्हता. २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा पैसे मिळाले, तेही मोसमाला २,००० ते १०,००० कॅनेडियन डॉलर. मुली दिवसा शाळेत शिकवायच्या, अग्निशमन दलात नोकरी करायच्या आणि रात्री साडेनऊला सरावाला यायच्या, कारण त्याच्या आधीची रिंकची वेळ लहान मुलांच्या संघांना दिलेली असायची. २०१९ च्या वसंतात ती लीग बंद पडली. दुसरी, एनडब्ल्यूएचएल, २०१५ मध्ये पगाराचं आश्वासन देऊनच उभी राहिली. १०,००० पासून २५,००० अमेरिकन डॉलरपर्यंतचे करार होते. दुसऱ्याच मोसमात, २०१६ संपता संपता, ते जवळपास निम्मे कापले गेले. मोसम चालू असताना.

२०१९ मध्ये दोनशेच्या वर खेळाडूंनी मिळून जाहीर केलं की धड सोयी आणि पगार नसतील, तर उत्तर अमेरिकेत कुठल्याही लीगमध्ये खेळणार नाही. त्यांनी संघटना काढली, गावोगाव प्रदर्शनी सामने खेळल्या. चार वर्षं. विशी-पंचविशीतल्या खेळाडूची चार वर्षं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा बसलेल्या काही जणी पुन्हा कधी उभ्याच राहिल्या नाहीत, आणि आजचा किमान पगार त्यांच्या उपासमारीवर उभा आहे. तुमच्या मुलीला कधी एखादी पस्तिशीची खेळाडू लॉकर रूममध्ये विमा आणि संघटनेबद्दल भाषण देताना भेटली, तर तिला ऐकून घ्यायला सांगा.

दरम्यान एनडब्ल्यूएचएलने नाव बदलून पीएचएफ केलं आणि पगार खरंच वाढवले. डॅरिल वॉट्सचा २०२३-२४ साठी दीड लाख डॉलरचा करार झाला होता. तोवर मुलींच्या हॉकीत एवढा पगार ऐकलेला नव्हता. जून २०२३ च्या अखेरीस नव्या गुंतवणूकदारांनी ती लीग विकत घेतली, बंद केली आणि पुढच्या मोसमाचे करार रद्द झाले. त्यातला दीड लाखाचाही. त्याच गुंतवणूकदारांनी सहा महिन्यांत पीडब्ल्यूएचएल उभी केली. म्हणजे झालं ते बऱ्यासाठी झालं असं आज म्हणता येतं, पण ज्यांनी त्या करारावर घर भाड्याने घेतलं होतं त्यांना त्या जूनमध्ये ते म्हणून बघायचं होतं!

आजचं चित्र चांगलं आहे. २० एप्रिल २०२४ रोजी माँट्रियालच्या बेल सेंटरमध्ये माँट्रियाल-टोरंटो सामन्याला २१,१०५ लोक आले होते. मात्र लीग वाढते तेव्हा खेळाडूची मुळं उपटली जातात, हेही लक्षात ठेवा. २०२५ मध्ये दोन नवे संघ आले, तेव्हा जुन्या प्रत्येक संघाला सुरुवातीला तीनच नावं राखून ठेवता आली, आणि प्रत्येकाच्या चार-चार जणी गेल्या. हिलरी नाइट बॉस्टनची कर्णधार होती, ती सिअ‍ॅटलला गेली. तिचं एक वेळ ठीक आहे. पण बॉस्टनमध्ये अर्धवेळ नोकरी लावून घेतलेली, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलेली मुलगी जूनमध्ये उठून देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते, तेव्हा तिची नोकरीही जाते आणि फीसुद्धा.

आता तेविसाव्या जागेवरची मुलगी नेमकं काय काम करते, ते जवळून बघू. मला आठवते ती एका संघाची तिसरी गोली, म्हणजे गोलरक्षक. सामन्याला दोन गोली कपडे घालून बसतात, तिसरी साध्या कपड्यांत वर प्रेक्षकांत असते. सराव संपला, बाकीच्या आत गेल्या, की त्या दिवशी संघात नसलेल्या चार-पाच जणी बर्फावर राहायच्या आणि तिच्यावर शॉट मारायच्या. त्यांना हात गरम ठेवायचे असतात, आणि तिला दुसरं काम नसतं. वीस मिनिटं, तीस मिनिटं. झांबोनीवाला गेटपाशी बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालू करून बसायचा आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न द्यायचा. ती शेवटी बाहेर यायची तेव्हा पायाचे पॅड घामाने आणि वितळलेल्या बर्फाने एवढे जड झालेले असायचे की बेंचपाशीच सोडवून टाकायची. मग माझ्याकडे, मांड्यांचे सांधे मोकळे करून घ्यायला. गोली गुडघे आत वळवून दिवसाला शेकडो वेळा बर्फावर आपटतात. त्या बसण्याला बटरफ्लाय म्हणतात. नाव फुलपाखराचं, पण भोगतो तो खुब्याचा सांधा. त्या मोसमात ती एकही मिनिट सामना खेळली नाही. पुढच्या मोसमात पहिलीला दुखापत झाली, दुसरीचा फॉर्म गेला, आणि हिला सलग सहा सामने मिळाले. तिच्यासाठी बाकीच्या जीव तोडून आडव्या पडत होत्या, कारण तिने वर्षभर त्यांचे शॉट झेललेले होते. असल्या गोष्टी स्कोअरशीटवर येत नाहीत, पण कोच नवा करार देताना विसरत नाही.

फॉरवर्डच्या बाबतीत तळाची जागा टिकते ती पेनल्टी किलवर. म्हणजे आपली एक जण शिक्षेच्या पेटीत बसलेली असताना चौघींनी पाच जणींना थोपवायचं. पीडब्ल्यूएचएलमध्ये एक गमतीदार नियम आहे, ‘जेलब्रेक’: चार जणींनी खेळत असताना गोल केलात, तर तुमच्या खेळाडूची उरलेली शिक्षा तिथेच माफ. म्हणून पेनल्टी किलवर पक (खेळायची चकती) चोरून सुसाट पळणारीला इथे भाव आहे. विद्यापीठात वीस-वीस गोल मारणाऱ्या मुली इथे येतात आणि त्यांना कळतं की पॉवर प्लेवरच्या, म्हणजे समोरची एक जण शिक्षेत असताना खेळायच्या, जागा भरलेल्या आहेत. मग ज्या म्हणतात ‘मी शॉट अडवते, मी फेसऑफ घेते’, त्या राहतात. ज्या पास येण्याची वाट बघत राहतात, त्यांचं दुसऱ्या उन्हाळ्यात नाव येत नाही. तुमच्या मुलीला आजपासून फेसऑफचा, म्हणजे रेफरीने दोघींच्या मध्ये टाकलेला पक जिंकण्याचा, नाद लावा. शाळकरी वयात तो कुणालाच नको असतो.

शॉट अडवणं म्हणजे १७० ग्रॅमच्या, सामन्याआधी गोठवलेल्या टणक रबराच्या चकतीपुढे पाय घालणं. पॅड असतात, पण पक नेमका पॅड संपतो तिथे लागतो: घोट्याच्या आतल्या बाजूला, बुटाच्या जिभेवर. मोसमाच्या शेवटी माझ्या टेबलावर येणाऱ्या पायांचा रंग मी ओळखू लागलेय, निळा म्हणजे परवाचा, पिवळा म्हणजे गेल्या आठवड्याचा.

डोक्याच्या माराबद्दल मात्र मी विनोद करत नाही. मुलींच्या हॉकीत धडक नसते हा गैरसमज आहे. पकसाठी खेळण्याचा स्पष्ट हेतू असेल, तर पीडब्ल्यूएचएल अंगाला अंग भिडवू देते, आणि विद्यापीठातून नव्याने आलेल्यांना पहिले महिना-दोन महिने फळीला चेपलं जाण्याची सवय करावी लागते. अमांडा केसेल २०१४ च्या ऑलिंपिकनंतर डोक्याच्या दुखापतीमुळे दोन वर्षं खेळू शकली नाही. २०१६ मध्ये परतली, विद्यापीठाचं विजेतेपद मिळवलं, २०१८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण. हे उदाहरण मी नेहमी देते, पण त्यातली दोन वर्षं अधोरेखित करून. मुलगी म्हणाली ‘थोडं गरगरतंय’, तर त्या दिवशी खेळ संपला. स्काउट स्टँडमध्ये बसलेला असला तरी.

वर्षं किती, हे तुम्ही विचारलंत. विद्यापीठ संपतं तेव्हा मुलगी बावीस-तेवीसची असते. मग ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडणं. २०२३ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ९० जणी निवडल्या गेल्या, कारण अख्खे संघ भरायचे होते. २०२४ मध्ये ४२ आणि २०२५ मध्ये ४८. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे करार झाला असं नाही. कॅम्पमध्ये जागा मिळवावी लागते, आणि ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेली एखादी मुलगी कॅम्पमध्ये येऊन जागा पटकावतेही. मी पाहिलेल्या बहुतेक मुली तीन-चार मोसम खेळून दुसऱ्या कामाला लागल्या. तिशी ओलांडणाऱ्या थोड्या. पण आता पगार असल्यामुळे त्या थांबताना दिसतात. आई होऊन परतणंही आता नवलाचं राहिलेलं नाही. नॅटली स्पूनरला डिसेंबर २०२२ मध्ये मुलगा झाला, आणि २०२४ च्या मोसमात २४ सामन्यांत २० गोल करून ती लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) तिचा गुडघा गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती परत बर्फावर आली. केंडल कॉइन स्कोफील्डला जुलै २०२३ मध्ये बाळ झालं आणि पुढच्या मे महिन्यात तिने कर्णधार म्हणून मिनेसोटाला पहिला वॉल्टर कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवून दिला. तिच्या संघाने तिला वेळ दिला म्हणून हे झालं. करारात ते लिहिलेलं असणं किती महत्त्वाचं, ते यावरून समजा.

इथे जागा मिळाली नाही तर युरोप. स्वीडनची लीग उत्तम आहे, २०२२ पासून तिथे अंगाने धडक द्यायलाही मुभा आहे. फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्येही परदेशी खेळाडूंना जागा मिळते. बहुधा राहायला खोली, जेवणाची सोय आणि हातखर्चाला थोडे पैसे, असा व्यवहार असतो. एक-दोन वर्षांसाठी झकास. पण इथे मी एकदा चूक केली, ती सांगते. एका खेळाडूने मला करार दाखवला. मी तब्येतीचं कलम वाचलं, उपचाराचा खर्च क्लब करणार असं होतं, आणि मी म्हटलं, जा. जानेवारीत तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. उपचाराचा अर्थ क्लबने तिथल्या तिथे करायची मलमपट्टी असा लावला. शस्त्रक्रिया आणि नंतरचे नऊ महिने तिच्या आई-बापांनी निभावले, आणि खेळत नाही म्हणून खोलीही सोडावी लागली. तेव्हापासून मी तीन ओळी शोधते: शस्त्रक्रिया, त्यानंतरचं पुनर्वसन, आणि जखमी असताना राहण्याची सोय. तिन्ही शब्दशः नसतील तर सही नको. एजंट हसला तर हसू दे.

विद्यापीठ निवडताना कोच कोण आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा की संघातल्या मुली कोणते विषय शिकतात. सगळ्याच एका सोप्या विषयात कोंबलेल्या असतील, तर त्याचा अर्थ सरावाचं वेळापत्रक प्रयोगशाळेच्या तासांशी जमत नाही. तुमची मुलगी विज्ञानाची आहे, तर हे आधी निस्तरा. हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगची विद्यापीठं खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत, घरच्या परिस्थितीवरून मदत देतात. म्हणून त्यांना नाही म्हणू नका, आधी हिशोब मांडा. २०२४ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड सारा फिलियर ही प्रिन्स्टनचीच. पदवी इथे शोभेची नाही. ३५ हजारांच्या पगाराला ती भाकरीबरोबरचं कालवण आहे: उन्हाळ्यातले चार-पाच महिने तुम्हाला कोण नोकरी देतं, ते तिच्यावर ठरतं. मी बघितलेल्यांत ज्यांच्याकडे नर्सिंग, अकाउंटिंग किंवा प्रोग्रामिंग होतं, त्या करार बोलताना ताठ बसायच्या. त्यांना ‘नाही’ म्हणणं परवडायचं.

खेळ संपल्यावरचं दार पूर्वीपेक्षा मोठं झालंय. कॅनडाची हेली विकेनहायझर खेळ सोडून डॉक्टर झाली आणि एनएचएल या पुरुषांच्या लीगमधल्या टोरंटो मेपल लीफ्सची सहायक जनरल मॅनेजरही. जेसिका कॅम्पबेल २०२४ मध्ये एनएचएलमधली पहिली पूर्णवेळ महिला सहायक कोच झाली, सिअ‍ॅटल क्रॅकनमध्ये. ती आधी स्केटिंग शिकवायची, आणि पुरुष खेळाडू स्वतःहून तिच्याकडे शिकायला यायचे. पुढचं सगळं त्यातून आलं.

राहता राहिला उन्हाळ्याचा प्रश्न. दोन विद्यापीठं आधीच बोलताहेत, म्हणजे शोकेसचं काम झालेलं आहे. आणखी एक शोकेस तिला नवं काही देणार नाही. ते पैसे एखाद्या चांगल्या स्केटिंग कोचला द्या, आठवड्यातून दोन तास, तेही ऑगस्टमध्ये. त्याआधी सहा आठवडे तिला बर्फावरून पूर्ण उतरवा. सतराव्या वर्षी बारा महिने स्केटिंग करणाऱ्या मुलींचे जांघेचे स्नायू आणि खुबे माझ्याकडे एकोणिसाव्या वर्षी येतात, आणि तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. तुम्ही लिहिलंय की तिला सॉकर आवडतो, पण हॉकीसाठी सोडायला लावला. या सहा आठवड्यांत खेळू द्या.